ॲनिमसच्या खोऱ्यात

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागात रॉकी नावाची अफाट पर्वतराजी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात या पर्वतराजीची जी शाखा येते, तिला सान व्हान पर्वत असे म्हणतात. चौदा हजार फुटांवर माथा गेलेली कित्येक शिखरे या शाखेत आहेत. त्यांच्यावरील बर्फ वितळून जे ओढे वाहू लागतात, त्यांच्यापासून ॲनिमस नदी जन्म पावते आणि अरुंद दऱ्यांतून खळाळत दक्षिणेकडे उतरते. या नदीचे मूळ स्पॅनिश नाव मोठे विलक्षण आहे. त्याचा अर्थ ‘हरवलेल्या आत्म्यांची नदी’ असा होतो. हे नाव का पडले, याविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी एकीवरही भरवसा ठेवता येत नाही.

ही नदी डोंगरातून बाहेर पडून जेथे थोडी संथ होते, तेथे साडेसहा हजार फूट उंचीवर डुरँगो हे लहानसे गाव वसलेले आहे. गावाचा इतिहास फार जुना नाही. १८८० साली डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या आगगाडीच्या कंपनीने ते वसविले. तेथून दोन मैलांवर ॲनिमस सिटी नावाची वस्ती आधीच होती. परंतु कंपनीच्या अटी तेथील लोकांना मान्य झाल्या नाहीत. तेव्हा कंपनीने त्यांची मनधरणी करीत न बसता शेजारीच आपले नवे गाव आखले, स्टेशन तेथे बांधले, आणि पाहता पाहता जुनी वस्ती ओस पडू लागली. पुढे ती डुरँगोतच सामावून गेली. आगगाडी जेथे थांबेल तेथे बाजार आणि जेथून वळेल तेथे उजाड माळ, असा तो काळ होता.

आगगाडी येथवर आणण्याचे कारण डोंगरात दडलेली चांदी हे होय. डुरँगोपासून पंचेचाळीस मैल उत्तरेस, नऊ हजार तीनशे फूट उंचीवर, सिल्व्हर्टन नावाचे खाणींचे गाव होते. तेथील कच्ची धातू खेचरांच्या पाठीवरून खाली आणावी लागे, व हिवाळ्यात ती वाटही बंद होई. म्हणून १८८१ च्या शरद ऋतूत लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि १८८२ च्या जुलैत पहिली गाडी सिल्व्हर्टनला पोहोचली. दऱ्याखोऱ्यांतला हा मार्ग वर्षभराच्या आत बांधून झाला, ही गोष्ट आजही आश्चर्याची वाटते.

या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर केवळ तीन फूट आहे. अमेरिकेतील नेहमीच्या लोहमार्गाचे माप चार फूट साडेआठ इंच असते. रूळ जवळजवळ असले म्हणजे गाडीला आखूड वळणे घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. नेरळहून माथेरानला चढणारी झुकझुकगाडी दोन फुटी रुळांवरून जाते, तीही याच कारणाने. ज्याने ती पाहिली आहे त्याला डुरँगोच्या गाडीची कल्पना सहज करता येईल; फक्त डबे मोठे, इंजिन धिप्पाड आणि दरी अधिक खोल, एवढा फरक मनात धरावा. रॉकवुड नावाच्या ठिकाणापुढे हा मार्ग सरळसोट कड्याच्या अंगावर कोरून काढलेला आहे. तेथे एका बाजूला खिडकीशी खडक लागतो, आणि दुसऱ्या बाजूला शेकडो फूट खाली नदीचे हिरवे पाणी दिसते. १९५६ साली निघालेल्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या इंग्रजी चित्रपटात ही गाडी व हा प्रदेश दिसतो. ज्यूल व्हर्नच्या ज्या कादंबरीवरून तो घेतला, तिचा नायक वाटेत मुंबईस उतरतो, हे अनेकांना ठाऊक असेल.

खाणी मंदावल्या, मोटारींचे रस्ते झाले आणि असे लोहमार्ग ठिकठिकाणी उखडले गेले. हा एक मात्र वाचला, तो मुख्यतः प्रवाशांच्या हौसेमुळे. १९८१ पासून तो स्वतंत्र कंपनीच्या मालकीचा आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत डुरँगो येथील इंजिनघराला आग लागली व आतील सहा वाफेची इंजिने भाजून निघाली. ती मोडीत न काढता एकेक दुरुस्त करण्यात आली आणि इंजिनघरही पुन्हा उभे राहिले. या गाडीची काही इंजिने १९२३ व १९२५ या वर्षी घडविलेली आहेत. प्रथम ती दगडी कोळशावर चालत. परंतु २०१८ च्या जूनमध्ये या खोऱ्यात भयंकर वणवा लागून चोपन्न हजार एकरांच्या आसपास रान जळाले. त्यानंतर, ठिणग्या उडू नयेत म्हणून, इंजिनांत कोळशाऐवजी तेल जाळण्याची व्यवस्था होऊ लागली. जुन्या गोष्टी राखायच्या तर त्यांना थोडे बदलावेच लागते, आणि फार बदलल्या तर राखायचे काय, हा प्रश्न इंजिन राखणाऱ्यांनाही सुटत नाही.

सिल्व्हर्टनला आजही जुनी दुकाने व रंगीत पाट्या आहेत. पण खाण चालू नाही. शेवटची मोठी खाण १९९१ साली बंद झाली. खाणी बंद झाल्या तरी त्यांच्या पोटातले पाणी मात्र बंद झाले नाही. ५ ऑगस्ट २०१५ रोजी गोल्ड किंग नावाच्या जुन्या खाणीच्या तोंडाशी केंद्र सरकारच्या पर्यावरणखात्याचे काम चालले असता आत तुंबलेले पाणी एकाएकी फुटले. सुमारे तीस लक्ष गॅलन दूषित पाणी ओढ्यात शिरले आणि ॲनिमस नदी डुरँगोपर्यंत व त्याही पलीकडे नारिंगी झाली. चांदीच्या वैभवाची कहाणी सांगणारा प्रत्येकजण आता ही गोष्टही सांगतो.

परंतु डुरँगोला दूरदूरचे लोक येतात ते केवळ या गाडीसाठी नव्हे. गावाच्या पश्चिमेस सुमारे पस्तीस मैलांवर एक प्रचंड पठार आहे. त्याचे नाव मेसा व्हर्डे. स्पॅनिश भाषेत ‘मेसा’ म्हणजे मेज व ‘व्हर्डे’ म्हणजे हिरवे. चारी बाजूंनी तुटलेले कडे आणि वर मेजासारखी सपाटी अशी त्याची ठेवण असल्यामुळे हे नाव शोभते. पाचगणीचे टेबललँड पाहिलेल्याला ही रचना परकी वाटणार नाही; मात्र मेसा व्हर्डे त्याच्या कित्येक पटींनी विस्तीर्ण आहे, आणि त्यावर बुटक्या देवदारांची व जुनिपरची दाट झाडी आहे. या पठारात पाण्याने खोल घळी कोरल्या आहेत. घळींच्या कड्यांत, माथ्याच्या थोडे खाली, रुंद कमानींसारख्या कपारी पडलेल्या आहेत. आणि त्या कपारींत, सातशे-आठशे वर्षांपूर्वी, माणसांनी दगडांची गावे बांधली.

वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहिलेल्या मराठी वाचकाला कड्यातील वस्ती म्हटले की छिन्नीहातोडा आठवतो. येथे तसे नाही. येथे डोंगर कोरलेला नाही. वालुकाश्मात मुरलेले पाणी खाली उतरत जाते. खाली चिकण शेलखडकाचा थर लागला की त्यातून पुढे जाता न आल्यामुळे ते आडवे झिरपू लागते. हिवाळ्यात ते गोठते व फुगते, त्यामुळे वरच्या खडकाचे पापुद्रे सुटून पडतात. हजारो वर्षे असे घडून निसर्गाने या कपारी तयार केल्या. माणसाने आत येऊन फक्त भिंती उभारल्या. कपारीच्या मागच्या बाजूला तोच झिरपा पिण्याच्या पाण्याला उपयोगी पडला. ज्या पाण्याने घराला छप्पर दिले, त्यानेच घागरही भरली.

हे बांधणारे लोक आजच्या प्युब्लो लोकांचे पूर्वज होत. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास ते या पठारावर येऊन राहिले. आरंभी ते जमिनीत खड्डा करून त्यावर लाकूडमातीचे छत घालीत. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी जमिनीवर खोल्या बांधू लागले, आणि इसवी सन १००० च्या सुमारास त्यांची दगडी बांधणी पक्की झाली. ही सर्व घरे पठाराच्या माथ्यावर, शेतांच्या जवळ होती. बाराव्या शतकाच्या अखेरीस मात्र पुष्कळ कुटुंबे माथा सोडून कपारींत उतरली. ती का उतरली? थंडीवाऱ्यापासून आसरा, पाण्याची जवळीक, की शत्रूचे भय? विद्वानांनी ही तिन्ही कारणे सांगितली आहेत. शेते वरच राहिली, म्हणून कामासाठी रोज कडा चढावा लागे. कड्यात हाताची बोटे व पायाचा चवडा मावेल एवढ्या खाचा खोदलेल्या आजही दिसतात. डोक्यावर किंवा पाठीवर ओझे घेऊन, कधी कडेवर मूल घेऊन, या खाचांवरून माणसे ये-जा करीत.

त्यांच्यापाशी लोखंड नव्हते, चाक नव्हते, ओझे वाहणारे जनावर नव्हते. कठीण दगडाने मऊ दगड ठोकून त्यांनी घडीव चिरे काढले, माती व राख पाण्यात कालवून चुन्याच्या जागी वापरली, आणि सांध्यांत बारीक कपच्या बसविल्या. कित्येक ठिकाणी त्या मातीत बांधणाऱ्याच्या बोटांचे ठसे अद्याप उमटलेले आहेत. मका, घेवडा व भोपळा ही त्यांची पिके. पाळीव प्राणी म्हणजे कुत्रा आणि टर्की पक्षी. उतारावरील ओघळींत दगडांचे आडवे बांध घालून ते माती व ओल अडवीत. देशावरच्या कोणाही शेतकऱ्याला त्यांचे प्रयोजन सांगावे लागणार नाही. मका दळण्यासाठी पाटावरवंट्यासारखी दगडी साधने असत. तो दगड वालुकाश्माचा असल्यामुळे पिठात कच येई, व त्या कचेने माणसांचे दात लवकर झिजत. उकरलेल्या सांगाड्यांवरून हे समजले. त्याच सांगाड्यांवरून असेही दिसते की जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी पाच वर्षांची होण्यापूर्वीच दगावत. सुंदर भिंती पाहून तेथील जीवन सुखाचे होते असे समजण्याचे कारण नाही.

या सर्व गावांत ‘क्लिफ पॅलेस’ हे सर्वांत मोठे. नावात राजवाडा असला तरी तेथे राजा कोणी नव्हता. सुमारे दीडशे खोल्या, तेवीस किवा आणि एक चौकोनी व एक वर्तुळाकार बुरूज, एवढी वस्ती एका कमानीखाली दाटीने बसविलेली आहे. तेथे शंभराच्या आसपास माणसे राहत असावीत. खोल्या लहान आहेत, कारण त्या मुख्यतः निजण्यासाठी व धान्य साठविण्यासाठी होत्या. दिवसाचे जिणे बाहेर, अंगणात चाले. कमान नैर्ऋत्येकडे उघडी आहे. त्यामुळे हिवाळ्यातील तिरपे ऊन थेट भिंतींपर्यंत पोहोचते आणि उन्हाळ्यातील माथ्यावरचा सूर्य कमानीआड राहतो.

किवा म्हणजे जमिनीखालची गोल खोली. तिच्यात शिडीने छतातील भोकातून उतरावे लागे. मध्यभागी शेकोटी असे. धूर छताच्या भोकातून वर जाई व ताजी हवा बाजूच्या नळीतून आत येई; ती सरळ विस्तवावर येऊ नये म्हणून मध्ये एक आखूड भिंत घातलेली असे. हवा खेळविण्याची ही युक्ती मोठी चतुर आहे. शेकोटीपलीकडे जमिनीत एक लहानसे छिद्र असते. प्युब्लो लोकांच्या श्रद्धेप्रमाणे मनुष्यजात खालच्या जगातून वर या जगात आली. ते छिद्र त्या वाटेची खूण होय. आजच्या प्युब्लो गावांतूनही किवा आहेत, आणि तेथील विधींना परक्याने उपस्थित राहू नये असा दंडक आहे. म्हणून जुन्या किवेत उतरणाऱ्या प्रवाशाला ती केवळ पडकी खोली वाटत असली, तरी त्या लोकांच्या दृष्टीने ती तशी नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीस ही सारी गावे रिकामी झाली. ज्या घरांच्या बांधणीला एवढे कष्ट पडले, त्यांत लोक शंभर वर्षेदेखील राहिले नाहीत. हा कालनिर्णय कसा झाला, तो भागही मनोरंजक आहे. ए. ई. डग्लस हे ज्योतिषशास्त्रज्ञ होते. सूर्यावरील डागांचा पृथ्वीच्या हवामानाशी काही संबंध आहे काय, हे शोधण्यासाठी ते झाडांच्या खोडांतील वर्तुळे मोजू लागले. झाड दरवर्षी एक वर्तुळ वाढते. पाऊस चांगला झाला तर रुंद, अवर्षण पडले तर अरुंद. जिवंत झाडांपासून जुन्या तुळयांपर्यंत ही वर्तुळे जुळवीत त्यांनी अनेक शतकांची साखळी लावली. प्राचीन घरांतील तुळयांची दुसरी एक साखळीही त्यांच्यापाशी होती, परंतु दोहोंमध्ये सांधा मिळत नव्हता. १९२९ साली ॲरिझोना राज्यात एक जळकी तुळई सापडली आणि तो सांधा जुळला. त्या वर्षापासून मेसा व्हर्डेच्या घरांची वये सनावारी सांगता येऊ लागली. त्याच वर्तुळांनी १२७६ ते १२९९ या काळातील दीर्घ अवर्षणाचीही साक्ष दिली.

दुष्काळ पडला म्हणून लोक निघून गेले, असे पुष्कळ दिवस सांगण्यात येई. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. याहून पूर्वीही अवर्षणे पडली होती व तेव्हा लोक टिकून राहिले होते. जमिनीचा कस उतरला होता, लाकूडफाटा व शिकार कमी झाली होती, आपसांत कलह वाढले होते, असे आता संशोधक म्हणतात. शिवाय, ‘नाहीसे झालेले लोक’ हे त्यांचे वर्णन तर सर्वस्वी चुकीचे आहे. ते दक्षिणेकडे गेले. ॲरिझोनातील होपी, न्यू मेक्सिकोतील झुनी, अकोमा, झिया आणि रिओ ग्रँड नदीकाठची प्युब्लो गावे, ही त्यांच्याच वंशजांची. या लोकांना आपले पूर्वज हरवले असे कधीच वाटले नाही.

मेसा व्हर्डेचा शोध १८ डिसेंबर १८८८ रोजी लागला, असे पुस्तकांतून वाचावयास मिळते. त्या दिवशी रिचर्ड वेदरिल व त्याचा मेहुणा चार्ली मेसन हे दोघे गुराखी चुकलेली गुरे शोधीत बर्फातून हिंडत असता समोरच्या कड्यात त्यांना क्लिफ पॅलेस दिसला. अजिंठ्याची लेणीही १८१९ साली शिकारीस निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला अशीच अवचित दिसली, असे सांगतात. दोन्ही ठिकाणी ‘शोध’ हा शब्द जपून वापरलेला बरा. या घळींत राहणाऱ्या यूट लोकांना ती घरे ठाऊक होती. मृतांच्या वस्तीला त्रास देऊ नये अशा समजुतीने ते तिकडे फिरकत नसत. घळीत मोठी घरे आहेत असे वेदरिलला एका यूट मनुष्यानेच सांगितले होते.

वेदरिल बंधूंनी घरे उकरून भांडी, टोपल्या, चपला गोळा केल्या व विकल्या. त्यानंतर १८९१ साली स्वीडनहून गुस्ताफ नूर्डेन्शल्ड नावाचा तेवीस वर्षांचा तरुण तेथे आला. उत्तर ध्रुवसमुद्रातून आशियाला वळसा घालणाऱ्या सुप्रसिद्ध दर्यावर्दी शास्त्रज्ञाचा तो मुलगा. त्याला फुप्फुसाचा विकार होता व कोरड्या हवेसाठी तो प्रवास करीत होता. त्याने काम मात्र मनापासून केले. कोणती वस्तू कोठे व किती खोलीवर मिळाली याची नोंद ठेवली, मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली. त्या प्रदेशात असे पद्धतशीर काम त्यापूर्वी झाले नव्हते. मग त्याने सर्व संग्रह पेट्यांत भरला आणि डुरँगोच्या स्टेशनावर रवाना करण्यासाठी आणला.

गावात एकच गलका झाला. परदेशी मनुष्य आपला ठेवा घेऊन जातो आहे, असे म्हणून त्याला अटक करविण्यात आली. परंतु असा ठेवा नेऊ नये असा कायदाच देशात नव्हता. त्याला सोडावे लागले आणि पेट्या गेल्या. गावकऱ्यांचा राग प्रामाणिक असेल. तरी त्या ठेव्याला ‘आपला’ म्हणण्याचा अधिकार नक्की कोणाचा, हे त्या वेळी होपी वा झुनी लोकांना कोणी विचारले नाही. नूर्डेन्शल्डने १८९३ साली या घरांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला व १८९५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो क्षयाने वारला. त्याचा संग्रह पुढे फिनलंडला गेला आणि हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात राहिला.

या प्रकरणाने लोकांचे डोळे उघडले. व्हर्जिनिया मॅक्लर्ग व ल्यूसी पीबडी या दोन महिलांनी अनेक वर्षे व्याख्याने देऊन, पत्रे लिहून, पुढाऱ्यांना भेटून घरांच्या रक्षणाची चळवळ चालविली. अखेर १९०६ च्या जून महिन्यात दोन गोष्टी घडल्या. पुराणवस्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि २९ तारखेस अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मेसा व्हर्डे हे राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. गंमत अशी की त्या सुमारास या दोघींचे आपसांत बिनसले होते. उद्यान राज्याचे असावे की राष्ट्राचे, यावर त्यांचा मतभेद होता. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची जी पहिली बारा स्थळे निवडली, त्यांत मेसा व्हर्डे होते.

आज या उद्यानात कड्यातील सुमारे सहाशे घरे व एकूण पाच हजारांच्या आसपास प्राचीन अवशेष नोंदलेले आहेत. क्लिफ पॅलेसमध्ये रक्षकाबरोबरच जाता येते. बाल्कनी हाउस पाहण्यासाठी बत्तीस फुटांची शिडी चढून बारा फूट लांबीच्या चिंचोळ्या बोळातून रांगावे लागते. स्प्रूस ट्री हाउस हे सर्वांत सुलभ समजले जाई. परंतु वरच्या कमानीतून दगड सुटू लागल्यामुळे २०१५ साली ते प्रवाशांना बंद करावे लागले. ज्या क्रियेने कपारी निर्माण झाल्या ती थांबलेली नाही. उद्यानाच्या दक्षिणेस लागून यूट माउंटन यूट जमातीचे राखीव क्षेत्र आहे. तेथेही अशीच घरे आहेत, आणि ती यूट वाटाड्याशिवाय पाहता येत नाहीत.

हेलसिंकीला गेलेल्या पेट्यांत केवळ भांडी नव्हती. माणसांच्या अस्थीही होत्या. त्या परत मिळाव्यात म्हणून प्युब्लो लोकांनी प्रयत्न केले. २०१९ साली फिनलंडने मान्यता दिली आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये वीस माणसांचे अवशेष व त्यांच्याबरोबर पुरलेल्या अठ्ठावीस वस्तू मेसा व्हर्डेच्या भूमीत पुन्हा पुरण्यात आल्या. ती जागा कोठे आहे, हे प्रवाशांना सांगितले जात नाही.

डुरँगोच्या दक्षिणेस, न्यू मेक्सिको राज्यात, ॲझ्टेक नावाचे गाव आहे. तेथील भव्य दगडी अवशेष पाहून आरंभीच्या वसाहतकऱ्यांना ते मेक्सिकोच्या ॲझ्टेक लोकांचे वाटले. वस्तुतः ॲझ्टेकांची राजधानी १३२५ साली वसली आणि हे अवशेष त्याच्या दोनशे वर्षे आधीचे, प्युब्लो पूर्वजांचे आहेत. चूक उमगली, पण नाव तसेच राहिले. तेथील तीन मजली इमारतीच्या काही खोल्यांवर नऊशे वर्षांपूर्वीचे लाकडी छत अजून शाबूत आहे. अर्ल मॉरिस या पुरातत्त्वज्ञाने १९३४ साली तेथील महाकिवेची पुन्हा उभारणी केली. खरी पडकी असलेली बरी की नवी उभी केलेली बरी, याविषयी मते भिन्न असतील. परंतु त्या उंच, गोल, अंधाऱ्या दालनात शिरल्यावर बोलणे आपोआप मंदावते.

पूर्वेकडे, पगोसा स्प्रिंग्ज गावाच्या वाटेवर, चिमणी रॉक हे स्थान आहे. डोंगराच्या अरुंद धारेवर दोन उत्तुंग सुळके शेजारी शेजारी उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एका मोठ्या घराचे जोते आहे. तुळयांवरून पाहता या घराचे बांधकाम १०७६ व १०९३ या वर्षी झाले. इतक्या उंचावर, जेथे पाण्याचा थेंब नाही, तेथे चिरे वाहून नेऊन घर बांधण्याचे कारण काय? सूर्य जसा उत्तरायणात व दक्षिणायनात उगवतीची जागा बदलतो, तसाच चंद्रही बदलतो. पण त्याची उत्तरेची सीमा स्थिर नसते. ती हळूहळू सरकते आणि साडेअठरा वर्षांहून थोड्या अधिक काळाने अगदी टोकाला पोहोचते. त्या वेळी या घरापासून पाहिले असता चंद्र नेमका दोन सुळक्यांच्या फटीतून उगवतो. १९८८ साली एका खगोलशास्त्रज्ञाने हे प्रत्यक्ष पाहिले. घराच्या बांधकामाची दोन्ही वर्षे चंद्राच्या या टोकाच्या स्थितीशी जुळतात. असा योग अलीकडे २०२४-२५ या काळात आला होता. निरीक्षणासाठी एवढा धीर धरणाऱ्यांना आपली गणिते पुढच्या पिढीच्या हाती द्यावी लागली असतील. २०१२ पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे.

ज्यांच्या डोंगरांत चांदी सापडली, त्या यूट लोकांचा उल्लेख मागे ओझरता आला. १८७३ सालच्या करारान्वये सान व्हान पर्वतातील सुमारे सदतीस लक्ष एकर मुलूख त्यांच्या हातून गेला. पुढे त्यांतील एका शाखेला डुरँगोच्या आग्नेयेस इग्नेशिओ या गावाभोवती पट्टी मिळाली. तेथे त्यांनी स्वतः उभारलेले संग्रहालय २०११ साली खुले झाले. त्यांचा इतिहास तेथे त्यांच्याच शब्दांत मांडलेला आहे. वसंताच्या अखेरीस तेथे अस्वलनृत्य होते. खाचा पाडलेली काठी दुसऱ्या काठीने घासून घुर्र असा नाद काढतात. तो वसंतातील पहिल्या मेघगर्जनेचा नाद, जो ऐकून अस्वल गुहेतून जागे होते. जोडीदार निवडण्याचा मान या नृत्यात स्त्रियांकडे असतो.

डुरँगोवरील टेकडीच्या सपाटीवर फोर्ट लुइस महाविद्यालय आहे. नावातील ‘फोर्ट’ खरा आहे. गावाच्या पश्चिमेस असलेल्या जुन्या लष्करी ठाण्यात सरकारने १८९१ साली मूलनिवासी मुलांसाठी वसतिशाळा काढली. मुलांना आईबापांपासून दूर ठेवावयाचे, केस कापावयाचे, मातृभाषा बोलू द्यावयाची नाही, अशा त्या काळच्या वसतिशाळा होत्या. १९११ साली ती जागा राज्याकडे आली, ती एका अटीवर: मूलनिवासी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचे शुल्क घेऊ नये. महाविद्यालय १९५६ साली डुरँगोला आले, तेव्हा ती अटही त्याच्याबरोबर आली. शंभराहून अधिक जमातींचे विद्यार्थी तेथे शिकतात. आवारातील घड्याळाच्या मनोऱ्यावर जुन्या शाळेची चित्रे व माहिती लावलेली होती, आणि तीत शाळेचे वर्णन गोड शब्दांत केलेले होते. ते वाचून येणाऱ्या-जाणाऱ्या विद्यार्थ्यांत त्या शाळेतील मुलांची नातवंडे-पतवंडेही असत. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये जमातींच्या वडीलधाऱ्यांना बोलावून, त्यांच्यासमक्ष, त्या पाट्या मनोऱ्यावरून उतरविण्यात आल्या.